चार बोटांचे अंतर : चित्रकथेतील वाहने आणि त्यांचे नियम

(द्वितीय वर्ष, कला)

पुराणांतल्या गोष्टींत काहीही चालते, असा एक समज आपल्यात रूढ आहे. तेथे हत्तीच्या तोंडाचा देव उंदरावर बसतो, विमानाला इंधन लागत नाही, रथ जमिनीला न टेकता धावतो. मग चित्रे काढणाऱ्याने कशाला डोके शिणवावे? वाटेल ते वाहन काढावे, वाटेल तेथे उडवावे आणि मोकळे व्हावे, असे पुष्कळांना वाटते. माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. आपल्या रामायण-महाभारतातील प्रत्येक वाहनाला काही नियम आहे, आणि तो नियम जेथे मोडतो तेथेच बहुधा कथेचे मर्म असते. हे मी एखाद्या ग्रंथात वाचून शिकलो असे नाही. ते मला वाचकांच्या प्रश्नांनी शिकविले.

आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर मी गेले वर्षभर एक चित्रकथा क्रमशः काढीत आहे. दर पंधरवड्याला एक कागद आणि त्यावर सहा चौकटी. कथा काल्पनिक आहे : नामा सुताराच्या पडवीत देवादिकांची आणि राजेमहाराजांची वाहने दुरुस्तीला येतात. कोणाचा आस मोडला आहे, कोणाची धाव निसटली आहे, कोणाचे विमान अडून बसले आहे. नामा सुतार आधी विचारपूस करतो आणि मगच हातात किकरे धरतो. फलकाखाली एक खोके ठेवले आहे. त्यात वाचक चिठ्ठ्या टाकतात आणि पुढच्या कागदाच्या तळाशी मी उत्तरे लिहितो. या चिठ्ठ्यांत बहुतेक वेळा दोनच प्रश्न असतात. पहिला, "हे कोठे आहे?" आणि दुसरा, "हे वाहन असे का वागते?" कागदाच्या तळाशी दोन ओळींत जे सांगता आले नाही ते या लेखात थोडे विस्ताराने सांगण्याचा प्रयत्न करतो.

वाहन ही ओळख

आपल्याकडे देव ओळखावा तो वाहनावरून. शंकराच्या देवळात गेलो की आधी नंदी दिसतो आणि तो देवाकडे तोंड करून बसलेला असतो. विष्णूसमोर गरुड हात जोडून असतो. प्राचीन वाङ्मयात ध्वजावरूनही हीच ओळख होते. शिव वृषभध्वज, विष्णू गरुडध्वज, मदन मकरध्वज आणि अर्जुन कपिध्वज. निरक्षर माणसालाही चित्र वाचता यावे अशी ही सोय आहे. म्हणून चित्रकाराने वाहन बदलले तर ते नुसते सजावट बदलणे होत नाही. पाहणाऱ्याच्या लेखी देवच बदलतो.

परंतु येथे एक गंमत आहे. मी एका चौकटीत मोरावर बसलेला गणपती काढला, तेव्हा एकाच आठवड्यात सात चिठ्ठ्या आल्या : "मोर कार्तिकेयाचा. गणपतीचा उंदीर." त्यावर उत्तर असे, की गणेशपुराणात चार युगांत गणेशाचे चार अवतार सांगितले असून त्यांची वाहने निरनिराळी आहेत. कृतयुगात तो सिंहावर, त्रेतायुगात मोरावर, द्वापारात उंदरावर आणि कलियुगात घोड्यावर येतो. अष्टविनायकांपैकी मोरगावच्या गणपतीला आपण मयूरेश्वर म्हणतो ते उगीच नव्हे. रोज ज्याचे नाव घेतो त्या नावातच आधार दडलेला असतो, आणि आपले तिकडे लक्ष जात नाही! म्हणजे नियम आहे, पण तो वाटतो त्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. असा नियम शोधून काढल्यावर चित्रकाराचे स्वातंत्र्य कमी होत नाही, उलट वाढते. मला एका उंदराऐवजी चार वाहने मिळाली.

"हे कोठे आहे?"

हा प्रश्न काही जणांना उद्धटपणाचा वाटतो. एका चिठ्ठीत तर विचारणाऱ्यालाच दटावले होते, की श्रद्धेच्या गोष्टीत आधार काय मागता? मला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. एक उदाहरण देतो.

दशरथाच्या रथाचे चाक निसटू नये म्हणून कैकेयीने खिळीच्या जागी आपले बोट घातले, ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. मी ती लहानपणी आजीकडून ऐकली. नामा सुताराच्या पडवीत तो रथ आला तेव्हा आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, की हे वाल्मीकींनी लिहिले आहे काय? शोधू लागलो तेव्हा असे दिसले : वाल्मीकिरामायणात अयोध्याकांडात मंथरा कैकेयीला जुन्या युद्धाची आठवण करून देते. दंडकारण्याकडे शंबर नावाच्या असुराशी झालेल्या त्या युद्धात दशरथ जखमी होऊन बेशुद्ध पडला आणि कैकेयीने त्याला रणांगणातून बाहेर काढून वाचविले, म्हणून त्याने दोन वर दिले. तेथे बोट नाही, खीळही नाही. खिळीच्या भोकात हात घातल्याची कथा अध्यात्मरामायणात येते, आणि लोकांच्या तोंडी हाताचे बोट झाले.

मग आजी खोटी ठरली काय? मुळीच नाही. तिने सांगितलेली कथाही एक परंपराच आहे. पण कोणती गोष्ट कोणी, कोठे सांगितली हे कळले की आपल्याला तिचा प्रवास दिसतो. वाल्मीकींची कैकेयी पतीला रणातून बाहेर काढणारी आहे, तर पुढच्या कथेतील कैकेयी स्वतःच रथाचा एक भाग होते. बाई वाहन चालवीत होती ही गोष्ट मागे पडली आणि तिने वेदना सोसली ही गोष्ट पुढे आली. हा फरक लक्षात आला तो त्या एका चिठ्ठीमुळे.

असाच शोध फार मोठ्या प्रमाणावर आपल्या पुण्यात झाला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. देशभरातील हस्तलिखिते जमवून, श्लोकाशी श्लोक ताडून पाहून हे काम केले गेले. "मी सूतपुत्राला वरणार नाही" असे द्रौपदी स्वयंवरात म्हणते, हा प्रसंग आपण नाटकांत, चित्रपटांत पाहतो. या आवृत्तीने तो मुख्य पाठात न घेता तळटीपेत ठेवला आहे. त्या विद्वानांनी सत्तेचाळीस वर्षे एकच प्रश्न विचारला, "हे कोठे आहे?" मग आपण तो विचारायला का लाजावे?

अमर चित्रकथा ही मालिका १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी तिच्यासाठी चित्रे काढली. तिच्या अंकांत मुखपृष्ठाच्या आतील बाजूस कथा कोणत्या ग्रंथावर आधारली आहे हे बहुधा सांगितलेले असे. मुलांसाठी काढलेल्या चित्रकथेलाही ही जबाबदारी वाटत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि त्याच्याही फार आधीपासून कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी हातात चित्रांची पोथी धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत आले आहेत. तेथे सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात. ऐकणाऱ्याच्या मनात शंका आली तर ती विचारायला सांगणारा समोरच बसलेला आहे! माझे खोके हे त्याचेच एक गरीब रूप समजावे.

पुष्पक विमान कोठे थांबले?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वाहनाचे नियम म्हणजे काय, हे पुष्पक विमानाच्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसते. विश्वकर्म्याने ते ब्रह्मदेवासाठी घडविले, ब्रह्मदेवाने ते कुबेराला दिले, रावणाने कुबेराचा पराभव करून ते हिरावून घेतले, आणि रावणवधानंतर राम त्यातून अयोध्येला परतला. परतल्यावर रामाने ते ठेवून घेतले नाही; कुबेराकडे जाण्याची त्याला आज्ञा केली. एकच वाहन, पण प्रत्येकाच्या हाती ते वेगळी परीक्षा घेते. हिसकावणारा कोण आणि परत करणारा कोण, हे विमानामुळेच कळते.

उत्तरकांडात एक प्रसंग आहे. पुष्पकातून जाणारा रावण कैलासाजवळ येतो आणि विमान एकाएकी थांबते. रावण व त्याचे मंत्री विचारात पडतात. मारीच तर म्हणतो, की हे कदाचित कुबेरावाचून दुसऱ्याला वाहत नसावे. पाहा, वाहनाच्या नियमाची चर्चा खुद्द रामायणातील पात्रेच करीत आहेत! तेवढ्यात नंदी येऊन सांगतो, की या पर्वतावर शंकराचा विहार चालू आहे, येथून कोणालाही जाता येणार नाही. रावण त्याच्या वानरासारख्या तोंडाला हसतो, शाप ओढवून घेतो आणि रागाने कैलासच उचलू पाहतो. पुढचे दृश्य आपण वेरूळला कैलास लेण्यात दगडात पाहतो : खाली वीस हातांचा रावण, वर घाबरून शंकराला बिलगलेली पार्वती, आणि शांतपणे पायाने पर्वत दाबणारा शंकर. त्याच लेण्याच्या जोत्याच्या दोन्ही अंगांना रामायण व महाभारत यांतील प्रसंग ओळींमागून ओळींत कोरले आहेत. बाराशे वर्षांपूर्वीची ही आपली चित्रकथाच नव्हे काय?

पुष्पकाचा नियम मनाचा आहे, यंत्राचा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. कारण विमान म्हटले की कोणी ना कोणी 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकाचा दाखला देऊन चिठ्ठी टाकतोच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये या पुस्तकाची तपासणी केली. ते प्राचीन नसून १९०४ च्या आधीचे असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला यात आपल्या पूर्वजांचा अपमान दिसत नाही. वाल्मीकींना विमानाचे इंजिन सांगायचेच नव्हते. अहंकारी माणसाचे विमान कोठे अडते, एवढे त्यांना सांगायचे होते, आणि ते त्यांनी कोणत्याही यंत्रज्ञापेक्षा चांगले सांगितले.

आधी नियम, मग भंग

महाभारतात तर नियम आधी जाहीर केले आहेत. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष ठरवितात, की रथीने रथीशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी आणि पायदळाने पायदळाशी. सारथ्यावर, जुंपलेल्या जनावरांवर, शस्त्रे पुरविणाऱ्यांवर आणि नगारे-शंख वाजविणाऱ्यांवर हात उगारू नये. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले. युद्धातही गाडी हाकणाऱ्याची आणि ओढणाऱ्याची आठवण कोणाला तरी होती!

पण हे नियम सांगितले आहेत ते पुढे मोडले जातील म्हणूनच. तेराव्या दिवशी अभिमन्यूला अनेक महारथी घेरतात. कर्ण त्याचे धनुष्य तोडतो, कृतवर्मा घोडे मारतो, कृपाचार्य रथाच्या बाजूंचे रक्षक-सारथी मारतात. रथ गेल्यावर तो मुलगा ढाल-तलवार घेतो, ती गेल्यावर रथाचे चाकच हातात घेतो. नियम आधी ठाऊक नसते तर ते चाक आपल्याला एवढे बोचले नसते. चित्रकथा काढणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे, की वाहनाचा नियम पहिल्या दोन-तीन चौकटींत सांगून टाकावा. मग तो मोडताना शब्द लागत नाहीत.

आता लेखाच्या मथळ्याकडे येतो. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चाले. द्रोणाचार्यांना उद्देशून "अश्वत्थामा मेला" हे तो मोठ्याने म्हणाला आणि "हत्ती" हा शब्द अस्पष्ट उच्चारला, त्या क्षणी त्याची घोडी जमिनीला टेकली. 'नरो वा कुंजरो वा' ही म्हण आपण रोज वापरतो. महाभारतात ती या शब्दांत नाही, पण चार बोटांचा उल्लेख मात्र आहे. व्यासांनी येथे उपदेशाचा एक शब्दही खर्च केलेला नाही. रथ खाली आला, बस्स.

आणि हीच चार बोटे आणखी एकदा येतात. कर्णाचे चाक रुतल्यावर तो उतरतो आणि दोन्ही हातांनी ते उचलू लागतो, तेव्हा प्रचलित पाठानुसार सात द्वीपांसह पृथ्वी चार बोटे वर उचलली जाते, पण चाक काही सुटत नाही. एकाचा रथ सत्यामुळे चार बोटे वर होता आणि अर्ध्या शब्दाने खाली आला. दुसऱ्याने जमीनच चार बोटे वर आणली, तरी त्याचा रथ निघाला नाही. ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवली की महाभारत म्हणजे काय हे मला थोडेसे कळल्यासारखे वाटते.

गाडीवान कोठे आहे?

कर्णाची ती चौकट मी घरी काढीत होतो. आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही. खुंटीला आसूड आहे. माझे वडील हंगामात साखर कारखान्यावर बैलगाडीने ऊस वाहतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आबांना अक्षर बेताचेच येते, पण चित्र ते बारकाईने पाहतात. कागद हातात धरून ते म्हणाले, "रुतलेलं चाक असं एकल्यानं निघत न्हाई. आदी जनावरं मोकळी करायची, मग एकानं चाकाला खांदा द्यायचा अन् दुसऱ्यानं दांडीला. ह्याचा गाडीवान कुठं हाय?"

वर्षभरात आलेल्या सर्व चिठ्ठ्यांत असा प्रश्न नव्हता. कर्णाचा गाडीवान म्हणजे मद्र देशाचा राजा शल्य. सूतपुत्राचे सारथ्य करायचे म्हणून तो प्रथम संतापला होता. त्याची समजूत घालताना दुर्योधनाने त्रिपुरदाहाची कथा सांगितली : पृथ्वीचा रथ केला, चंद्रसूर्य त्याची चाके झाली, त्यावर शंकर बसले आणि प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने लगाम धरले. तेव्हा कोठे शल्य तयार झाला; तोही आपल्याला हवे ते बोलण्याची मुभा मागून. आणि चाक रुतले तेव्हा चाकाला हात लावणारा एकटा कर्णच होता. राजा गाडीवान झाला, पण चिखलात उतरला तो गाडीवानाचा मुलगा!

आदिपर्वात कर्ण प्रथम रंगभूमीवर येतो तो प्रसंग आठवा. त्याला अंगदेशाचा राज्याभिषेक झाला आहे, डोके अजून ओले आहे, आणि त्याच वेळी काठी टेकत, घामाघूम झालेला अधिरथ तेथे येतो. कर्ण धनुष्य खाली ठेवून त्याच्या पायांवर डोके ठेवतो. ते पाहून भीम म्हणतो, की तू आपल्या कुळाला शोभेल असा चाबूक हाती घे. पुढे त्याच महाभारतात श्रीकृष्ण चाबूक हाती घेतो आणि त्याची पूजा होते. चाबूक तोच. मग एकाच्या हातात तो लांच्छन आणि दुसऱ्याच्या हातात भूषण कसा ठरतो? हा नियम वाहनाचा नाही. तो वाहनात बसणाऱ्यांनी हाकणाऱ्यांसाठी केलेला आहे.

महाभारताची थोरवी अशी, की ते हा नियमही झाकून ठेवीत नाही. युद्ध संपल्यावर शल्यपर्वात कृष्ण अर्जुनाला गांडीव व भाते घेऊन आधी खाली उतरायला सांगतो आणि मग स्वतः उतरतो. तो उतरताच ध्वजावरचा वानर अदृश्य होतो आणि तो दिव्य रथ जळून राख होतो. द्रोण व कर्ण यांच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळाला होता. सारथी बसून होता म्हणून उभा होता, एवढेच. ज्याच्या नावाने रथ ओळखला जातो त्याला शेवटी कळते की आपण कोणाच्या जोरावर बसलो होतो. माझ्या दृष्टीने वाहनांविषयी सांगितलेला हा सर्वांत मोठा नियम आहे.

म्हणून प्रश्न विचारावेत

या सगळ्याचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. वाहन काढण्यापूर्वी ते कोणाचे, कोणाकडून आले हे शोधावे. ते कोणत्या अटीवर चालते हे वाचकाला आधी सांगावे. आणि ते जेथे अडते, टेकते किंवा जळते ती चौकट सर्वांत मोठी काढावी, कारण कथा तेथेच बोलते.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वाचकांची आहे. आज मोबाईलवरही चित्रकथा येतात आणि हजारो लोक त्या पाहतात. पण पाहणे निराळे आणि विचारणे निराळे. या कथा कोणा एका घराण्याच्या, एका जातीच्या किंवा नुसत्या पंडितांच्या नाहीत. विद्यार्थिनी विचारते म्हणून कैकेयीच्या हातात लगाम दिसतात. गाडीवान विचारतो म्हणून शल्य जागेवर बसलेला दिसतो. ज्याला जे काम ठाऊक आहे तो त्या कामाच्या बाजूने कथेला प्रश्न विचारील, तर आपल्या प्राध्यापकांनाही काही नवे ऐकायला मिळेल, असे मी नम्रपणे म्हणतो.

कर्णाची ती चौकट मी आता पुन्हा काढतो आहे. तीत चाक आहे, चिखल आहे, दोन हात आहेत. आणि वर रथात, लगाम धरून बसलेला, खाली न उतरलेला एक राजा आहे.